आईच्या चालीनं दक्षिण स्पेन

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

 घरात खाटेवर बसून रेडिओ ऐकणाऱ्या आज्यांनो, आजचं बोलणं तुमच्याबद्दलच आहे.

आजचा विषय आहे, वयस्कर आईला घेऊन दक्षिण स्पेनचा प्रवास सावकाश कसा आखायचा. तुम्ही म्हणाल, स्पेन कुठं आणि आपण कुठं! पण आपल्या गटांमधल्या बऱ्याच जणींची मुलं आता परदेशात आहेत. “आई, एकदा येऊन जा,” असे फोन येतात. आई जाते, पण आजी मागे राहते. का? तर “तिला झेपणार नाही.” हे वाक्य घरातला प्रत्येक जण बोलतो. तिला मात्र कुणी विचारत नाही.

माझी मुलगी माद्रिदला नोकरी करते. तिनं मला बोलावलं, तेव्हा मी म्हटलं, आजीलाही विचार. माझी आई तेव्हा सत्याहत्तर वर्षांची. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू, रात्री दोनदा उठावं लागतं. नातीनं फोनवर विचारल्यावर आई म्हणाली, “येते की. पर मला समदं बघायचं न्हाई. जे बघीन ते बसून बघीन.”

मैत्रिणींनो, आमच्या सगळ्या प्रवासाची आखणी या एका वाक्यावर झाली.

मुलीनं आधी दहा दिवसांत आठ गावांची यादी केली होती. ती आईला वाचून दाखवली. आईनं विचारलं, “यात बसायचं कधी?” मग यादी बाजूला ठेवली आणि पहिलं काम केलं ते मोजमापाचं. आई न थांबता किती वेळ चालते, हे घड्याळ लावून पाहिलं. सपाट रस्त्यावर बारा मिनिटं, मग बसावं लागतं. जिने किती चढते? कठडा असेल तर एक मजला. बाथरूमला किती वेळानं जावं लागतं? दीड-दोन तासांनी. जेवण बाराला, गोळी रात्री आठला. हे सगळं वहीत लिहिलं, डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासून होकार दिला. त्यानंतरच नकाशा उघडला. गावं ठरवायची ती या वहीवरून.

आता दक्षिण स्पेनच का? या भागाला आंदालुसिया म्हणतात. सेविया, कोर्दोबा, ग्रानादा, मालागा ही तिथली मोठी शहरं. इथं शेकडो वर्षं मुस्लीम राज्यकर्ते होते. ग्रानादा हे त्यांचं शेवटचं राज्य १४९२ साली पडलं. त्यामुळं तिथल्या जुन्या घरांत मधोमध अंगण, अंगणात पाणी, भिंतींना गिलावा आणि रंगीत फरशा. आपल्या चौसोपी वाड्यातल्या बाईला ते परकं वाटत नाही. दुसरी गोष्ट, तिथला दिवसच सावकाश चालतो. दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद असतात. लोक जेवतात, विसावा घेतात आणि संध्याकाळी चौकात येऊन बसतात. तिथली म्हातारी माणसंही नटूनथटून बाकांवर गप्पा मारत बसलेली दिसतात. म्हणजे आपल्या आईनं दुपारी आडवं व्हायचं म्हटलं, तर सगळं गावच तिच्या सोबतीला!

ऋतू मात्र नीट निवडायचा. जुलै-ऑगस्टमध्ये सेविया-कोर्दोबाकडं पारा चाळिसाच्या वर जातो. कोर्दोबा जिल्ह्यातल्या ला राम्ब्ला गावात ऑगस्ट २०२१ मध्ये ४७.६ अंश तापमान नोंदलं गेलं. हा स्पेनचा उच्चांक आहे. म्हाताऱ्या माणसाला तिथला उन्हाळा सोसायचा नाही. वसंतात हवा छान असते, पण ईस्टरच्या आधीचा आठवडा आणि सेवियाची जत्रा आली की गर्दी उसळते, राहायच्या खोल्या महागतात. आम्ही ऑक्टोबर निवडला. दिवसा बरी ऊब, रात्री शाल पुरते. ग्रानादा उंचावर आहे, तिथं मात्र स्वेटर लागतो.

आता कागदपत्रं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परत निघाल्यानंतर किमान तीन महिने चालणारा हवा. आपल्या आयांचं नाव आधारवर एक, बँकेच्या पुस्तकात दुसरं, असं फार असतं. ते सगळ्यात आधी एकसारखं करून घ्या. मग शेंगेन व्हिसा. याचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शेवटच्या दिवसांची वाट बघू नका. मोठ्या माणसाची फी २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचा आकार वेगळा. मुलीच्या घरी राहणार असाल, तर तिला तिथल्या पोलीस कार्यालयातून निमंत्रणपत्र काढावं लागतं. त्याला वेळ जातो, म्हणून ते काम आधी सुरू करायचं.

व्हिसासाठी बोटांचे ठसे देतात. आईनं चाळीस वर्षं खुरपणी केली, भांडी राखेनं घासली. तिच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्र ठसा घेईना. हात धुऊन, पुसून, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून शेवटी ठसे उमटले. आई म्हणाली, “माझं समदं रेशनवरबी असंच होतं.” तुमच्या घरी असं असेल, तर त्या दिवशी वेळ हाताशी ठेवून जा आणि आदल्या रात्री हाताला तेल चोळून ठेवा.

आणि आता एक जड गोष्ट. कागदपत्रं भरताना आईनं विचारलं, “तिथंच काई झालं तर?” मी विषय बदलू शकले असते. आपण घरात हेच करतो, असं बोलू नको म्हणतो. पण तिचा प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही तिघी बसलो आणि विम्याचा कागद वाचला. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतोच. त्यात तातडीचे उपचार, दवाखाना, आजारी माणसाला मायदेशी परत आणणं आणि मृत्यू झाल्यास येणारा खर्चही धरलेला असावा लागतो. हे आईला सरळ सांगितलं. ती म्हणाली, “मग झालं. मला घरी आणायची सोय हाय.” त्यानंतर ती मोकळ्या मनानं बॅग भरायला लागली. मैत्रिणींनो, म्हाताऱ्या माणसाची भीती आपण दडपली की ती वाढते. कागद दाखवला की कमी होते. एक मात्र लक्षात ठेवा. सत्तरीपुढं विमा महाग पडतो, आणि आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च काही पॉलिसी देत नाहीत. सही करायच्या आधी तेवढं वाक्य कुणाकडून तरी वाचून घ्या.

विमानाचं तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागा. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत फुकट असते, फक्त किमान ४८ तास आधी कळवावं लागतं. आईला आधी लाज वाटत होती. “मी काय लंगडी हाय का?” मी म्हटलं, पालखीत बसल्यागत बस. मग बसली. विमानात कडेच्या वाटेची जागा घ्या, म्हणजे उठताना कुणाची परवानगी नको. दर दीड-दोन तासांनी उठून दोन पावलं चालायचं, पाणी प्यायचं. औषधं सगळी हातातल्या पिशवीत, सामानात नाही. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव. तिथल्या घड्याळात उन्हाळी वेळ असेल तर आपण साडेतीन तास पुढं असतो आणि हिवाळी वेळ असेल तर साडेचार. त्यामुळं गोळी किती वाजता घ्यायची, हे डॉक्टरांकडूनच लिहून आणा.

पहिले चार दिवस आम्ही मुलीच्या घरीच राहिलो. झोपेचं गणित जमू दिलं. मग चौदा रात्री, चारच गावं. कोर्दोबा तीन, सेविया पाच, ग्रानादा चार, मालागा दोन. आठची चार झाली, पण आईचा सगळ्यात मोठा त्रास वाचला. बॅगा भरणं, नवं बाथरूम शिकणं, नव्या पलंगावरून रात्री उठताना अंधारात भिंत शोधणं, हे दर दोन दिवसांनी करावं लागलं नाही.

प्रवास रेल्वेनं केला. माद्रिदहून सेवियाला जाणारी वेगवान गाडी १९९२ साली सुरू झाली. अडीच तासांच्या आसपास लागतात. कोर्दोबा वाटेतच आहे, माद्रिदहून पावणेदोन तास. कोर्दोबाहून सेविया तर पाऊण तास. आईच्या वहीतल्या दोन तासांत हे बसलं. सेविया ते ग्रानादा जरा लांब, पण गाडीत बाथरूम असतं. मोठ्या स्टेशनांवर वयस्करांना डब्यापर्यंत नेऊन बसवायची मोफत सोय आहे, ती आधी नोंदवायची. साठीवरच्यांना सवलतीचं कार्डही मिळतं. स्टेशनात सामान यंत्रातून तपासतात, म्हणून थोडं लवकर पोचायचं. खिडकीतून आई ऑलिव्हची झाडं बघत होती. डोंगरामागून डोंगर, नुसत्या रांगा. तेलासाठी लावलेली ही झाडं. स्पेन हा ऑलिव्ह तेलाचा जगातला सगळ्यात मोठा उत्पादक आहे, आणि त्यातलं बहुतेक तेल याच भागातलं. आई म्हणाली, “तोडणीला बाया कुठनं आणत असतील?” प्रश्न शेतकरणीचाच!

राहायची जागा ठरवताना चार प्रश्न विचारा. लिफ्ट आहे का? तिथली जुनी घरं सुंदर, पण पुष्कळांना लिफ्ट नसते. आणि त्यांचा पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, हे ध्यानात ठेवा. दुसरा प्रश्न, अंघोळीला टब आहे की सपाट जागा? टबाची कड ओलांडताना म्हातारी माणसं पडतात. सपाट जागाच मागा. तिसरा, स्वयंपाकघर आहे का? चौथा, टॅक्सी दारापर्यंत येते का? कारण जुन्या पेठांतल्या गल्ल्या फार अरुंद. आणखी एक घरगुती गोष्ट. संडास सगळे कमोडचे, आणि पाणी नसतं, कागद असतो. सोबत एक प्लॅस्टिकचा तांब्या न्या. यात लाजायचं काही नाही. रस्त्यावर सार्वजनिक संडास फार कमी. एखाद्या कॅफेत शिरायचं, एक कॉफी घ्यायची, बसायचं आणि तिथलं वापरायचं. आमचा निम्मा प्रवास कॅफेंच्या खुर्च्यांवर झाला आणि आईला तो फार आवडला.

दिवसाचा नियम एकच. सकाळी एक मोठी गोष्ट, दुपारी घर, संध्याकाळी जवळचा चौक. दुसरी मोठी गोष्ट त्या दिवशी नाही.

कोर्दोबातली मेस्किता, म्हणजे आठव्या शतकात बांधायला घेतलेली मशीद, १२३६ पासून चर्च आहे. आत साडेआठशेहून जास्त खांब, वर लाल-पांढऱ्या कमानी. जमीन सपाट, आत गारवा. आई एका जागी बसली आणि अर्धा तास नुसती खांबांकडं बघत राहिली. त्याच गावात घरोघरच्या अंगणांचा उत्सव मे महिन्यात असतो. २०१२ साली युनेस्कोनं त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. भिंतींवर उंचापर्यंत फुलांच्या कुंड्या टांगलेल्या, आणि त्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला बांधलेला डबा. काही अंगणं इतर महिन्यांतही बघायला मिळतात. ती काठी बघून आई म्हणाली, “ही युगत चांगली हाय.” गावाला परतल्यावर तिनं बांबूला डबा बांधलाच.

सेवियात मोठ्या चर्चचा हिराल्दा नावाचा उंच मनोरा आहे. त्यात वर जायला जिन्याऐवजी उतार आहेत, एकावर एक पस्तीस, घोड्यावरून चढता यावं म्हणून केलेले. नात वर गेली. आम्ही दोघी खाली संत्र्यांच्या झाडांच्या चौकात बसलो. हे तीन जणी असण्याचं सुख. एक फिरते, एक सोबत बसते, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलते. सांभाळणारीलाही मोकळा वेळ लागतो, तो ठरवून घ्या, नाहीतर चिडचिड आईवर निघते. ग्वादालकिवीर नदीत तासाभराची बोट असते, ती बसून बघायची. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या प्लाझा दे एस्पान्यात तर भिंतभर फरशांची बाकंच बाकं. एकेका प्रांताचं एकेक बाक, त्यावर त्याची चित्रं.

ग्रानादाला अलहम्ब्रा हा राजवाडा आहे. तिथं तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि आतल्या महालांची वेळ ठरलेली असते. ती चुकली की प्रवेश नाही. म्हणून बरेच दिवस आधी तिकीट काढायचं, आणि वेळ आईच्या ताज्या तासांची, सकाळची घ्यायची. गावातून वर लहान बस जाते, चढण चढू नका. आवार फार मोठं आहे. सगळं बघायचं तर काही किलोमीटर चालणं होतं. आम्ही महाल बघितले आणि बाग सोडणार होतो. पण आईला कळलं, की डोंगरातल्या नदीचं पाणी पाटानं वर आणून इथली कारंजी आणि मळे शेकडो वर्षं भिजवलेत, आणि भाजीचे काही वाफे अजून पिकतात. मग ती म्हणाली, “पाट दाखवा मला.” त्या दिवशी बसत-उठत, तीन ठिकाणी थांबत तिनं पाट बघितला. दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती. कुठं जास्त चालायचं, हे तिनं स्वतः ठरवलं. आम्ही फक्त दुसरा दिवस मोकळा ठेवला होता.

खाण्याचं सांगते. तिथं दुपारचं जेवण दोनच्या पुढं आणि रात्रीचं नऊच्या पुढं. आईला ते चालणार नव्हतं. म्हणून सकाळी टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पाव, बाराला घरचा भात, आणि संध्याकाळी बाहेर थोडंसं. शाकाहारी असाल तर नीट सांगावं लागतं, कारण डुकराचं मांस ते भाजीवरही भुरभुरतात. “सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो,” म्हणजे मांस नको, हॅम नको, मासा नको. हे कागदावर लिहून ठेवा. सेवियात पालक आणि छोल्यांची जिरं घातलेली भाजी मिळते. आणि तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी घालून देतात! मालागाजवळच्या फ्रिहिलियाना गावात अजून काकवीचा कारखाना आहे. वांगं आणि काकवी, आईनं दोनदा मागवलं.

पायात चांगले बूट हवेत. गल्ल्या गोट्यांच्या आहेत, चप्पल सटकते. लुगडं आणि कॅनव्हासचे बूट, अशी आमची आई स्पेन फिरली. गळ्यात एक कार्ड होतं, त्यावर स्पॅनिशमध्ये नाव, वय, आजार, औषधं आणि नातीचा फोन. अडचणीला सगळ्या युरोपात एकच नंबर, ११२. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, आणि रात्री पाळीनं एखादं उघडं असतं.

खर्च कमी नाही. आमचा तिकिटांचा भार मुलीनं उचलला. ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्यासाठीही ही वही तीच आहे. आई पंढरपूरला निघो, नाशिकच्या लेकीकडं निघो, किंवा स्पेनला. किती मिनिटं चालते, किती तासांनी उठावं लागतं, कुठं बसायचं, कशाची भीती वाटते, आणि तिला स्वतःला काय बघायचंय.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या म्हातारीला हा शेवटचा प्रश्न विचारून यावं, एवढी विनंती. उत्तर काय येईल ते येऊ द्या. काही जणी म्हणतील, “मला कुठंच जायचं न्हाई.” तेही लिहून घ्या. पण “तिला झेपणार नाही,” हे तिच्याऐवजी आपण म्हणायचं नाही.